डावखुऱ्यांचा ग्लव्ह

माझ्या सासऱ्यांचा बेसबॉलचा ग्लव्ह आमच्या लंडनमधल्या पिनरच्या घरात देवघराच्या खालच्या कप्प्यात असतो. लग्न करून पुण्याहून इथे आले तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी जुनी चप्पल चुकून तिथे राहिली आहे. तसं मी बोलूनही दाखवलं. सासूबाई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

सासरे, म्हणजे कमलाकर, नागपूरहून नोकरीसाठी आले आणि हॅरोच्या एका कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, बरोबरच्या कॅनेडियन कामगारांकडून बेसबॉल शिकले. क्रिकेट सोडून हे काय खूळ, असं इथल्या सगळ्या मराठी मंडळींनी त्यांना ऐकवलं. त्यांनी कुणाला भीक घातली नाही. ते पिचर झाले, म्हणजे मैदानातल्या मातीच्या उंचवट्यावरून फलंदाजाला चेंडू टाकणारे. त्यांचा चेंडू सरळ यायचा आणि बॅटजवळ पोचला की बुडायचा. इथल्या क्लबने त्यांच्या जिवावर इतक्या वेळा लीग जिंकली की आजही तिथले म्हातारे त्यांचं नाव निघालं की चहा खाली ठेवतात आणि तो चेंडू कसा पडायचा ते हात फिरवून दाखवतात.

ते डावखुरे होते. त्यांच्या आईने जेवायला, लिहायला आणि आरती ओवाळायला त्यांना उजव्या हाताची सवय लावली, पण फेकायच्या बाबतीत ती हरली. डाव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लव्ह उजव्या हातात असतो. त्यामुळे घरात तो कुणाच्याच उपयोगाचा नाही, एका कस्तुरीशिवाय. कस्तुरी माझी मुलगी, सोळा वर्षांची आणि आजोबांसारखीच डावखुरी.

ग्लव्हला तेल लागतं ते खोबरेल. थंडीत बाटलीतलं तेल गोठतं, मग ती रेडिएटरवर ठेवायची. समोरच्या संघातले सासऱ्यांना कॅम म्हणत; ते म्हणायचे, कॅमचा आधी वास येतो, मग चेंडू. खंडेनवमीला ग्लव्हची पूजा होते, हळदकुंकू वाहिलं जातं आणि त्या दिवशी त्याला कुणी हात लावत नाही. दसऱ्याला मात्र तो बाहेर काढून खेळायचंच. सासरे गेल्यावरही यात खंड पडला नाही, कारण त्यांचे सरावाचे चेंडू मागच्या गार्डनमध्ये वर्षानुवर्षं झेलले होते ते सासूबाईंनी. बोटं शिवणीवर कशी ठेवायची हे कस्तुरीला त्यांनीच शिकवलं. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून खुर्चीत बसून सांगतात, ‘‘अजून खाली टाक.’’

गेल्या उन्हाळ्यात क्लबने नवी इमारत बांधली आणि अध्यक्ष कीथ आमच्याकडे चहाला आला. कमलाकरांच्या नावाची भिंत होणार होती. तिच्यात काचेची पेटी, आत मंद दिवा आणि ग्लव्ह. माझ्या नवऱ्याचे, अनिशचे, डोळे भरून आले. कीथने ग्लव्हचा वास घेतला आणि हळहळत सांगितलं, या तेलाने चामड्याचं वाटोळं होतंय, तज्ज्ञाकडून साफ करून घेऊ, पुन्हा कुणी हात लावायला नको.

‘‘आणि कस्तुरी?’’ सासूबाईंनी इंग्रजीत विचारलं.

कस्तुरी एप्रिलमध्ये क्लबच्या निवडीला गेली होती. तिचे चेंडू न बघताच तिला मुलींच्या सॉफ्टबॉलकडे पाठवलं होतं. कीथ म्हणाला, मुलांच्या बॅटमधून चेंडू फार जोरात येतो, तिच्या भल्यासाठीच ते. सासूबाईंनी त्याच्या बशीत आणखी एक चकली ठेवली.

‘‘उद्घाटन कधी आहे?’’

त्याने ऑक्टोबरमधला शनिवार सांगितला. सासूबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. दसरा होता. ग्लव्ह मी स्वतः घेऊन येईन, त्या म्हणाल्या.

कीथ गेल्यावर अनिश म्हणाला, ‘‘आई, बाबांचा नाव भिंतीवर येणार. इट्स अ ह्यूज ऑनर. तू प्लीज तिथे सीन नको करू.’’

‘‘ह्यांचं नाव भिंतीवर आणि ह्यांची नात भिंतीबाहेर. मला नाही चालणार.’’

‘‘पण तो इतका जुना आहे. कस्तुरीने वापरला आणि टेअर झाला तर?’’

‘‘आजी, मी केअरफुली खेळेन,’’ कस्तुरी म्हणाली.

‘‘केअरफुली खेळायचं असेल तर सापशिडी खेळ,’’ सासूबाई म्हणाल्या.

मला कीथचा राग आला होताच, पण अनिशचा जास्त आला. बापाचं नाव हवं आणि बापाचा हात ज्या पोरीकडे आलाय तिच्यासाठी एक शब्द तोंडातून निघत नाही. हे मी त्याला त्याच रात्री सुनावलं. तो पाठ फिरवून झोपला.

दसऱ्याला आम्ही सगळे गेलो. सासूबाई जरीकाठाच्या साडीवर पफर जॅकेट आणि पायात ट्रेनर्स घालून निघाल्या. मैदानावर क्लबच्या पोरांचा मैत्रीचा सामना चालला होता, आणि कीथ पांढरे सुती हातमोजे घालून दारात उभा होता. सासूबाईंनी पिशवीतून ग्लव्ह काढला. त्यावर आदल्या दिवशीचं कुंकू तसंच होतं. कीथने दोन्ही हात पुढे केले. त्या त्याच्या शेजारून सरळ पुढे गेल्या आणि मैदानाची पांढरी रेघ ओलांडली.

‘‘निवेदिता, सीमोल्लंघन झालं,’’ त्या मागे न बघता मला म्हणाल्या. ‘‘कस्तुरीला घेऊन ये.’’

उंचवट्यावरचा पोरगा आपणहून बाजूला झाला. सासूबाईंनी नातीच्या उजव्या हातात ग्लव्ह चढवला. कीथ विम्याबद्दल काहीतरी बोलत धावत आला.

‘‘माझा नवरा इथे उभा राहायचा तेव्हा कुणी विमा काढला नव्हता,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘तुमचा सगळ्यात चांगला फलंदाज पाठवा. त्याने हिला हरवलं तर ग्लव्ह आजच तुमचा.’’

अनिशने डोक्याला हात लावला.

एक उंच पोरगा लाजत हसत बॅट घेऊन आला. कस्तुरीचा पहिला चेंडू त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच मातीत आपटला. कुणीतरी खुदकन हसलं. दुसरा सरळ गेला आणि बॅटखाली बुडाला. पोराने नुसतीच हवा मारली. रेघेबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने चहा खाली ठेवला.

तिसरा त्याच्या बॅटला बरोबर लागला. चेंडू सरळ माझ्या पोरीच्या तोंडावर आला. मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. तिचा उजवा हात वर गेला, जोरात आवाज झाला आणि ग्लव्हची चामड्याची दोरी तुटून त्याचं एक बोट लोंबकळायला लागलं. चेंडू मात्र आतच होता. बेसबॉलमध्येही झेल म्हणजे बाद.

अनिश रेघ ओलांडून धावला. मला वाटलं, आता ग्लव्हसाठी रडणार. त्याने लेकीचा हात ग्लव्हमधून काढला, तळवा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘‘लागला का?’’ ती मान हलवून नाही म्हणाली. मग तो कीथकडे वळला आणि मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाला, ‘‘ही इज आउट, कीथ. सराव कधी असतो?’’

कीथच्या आधी त्यांचा कोचच बोलला. ‘‘मंगळवारी. तिला घेऊन या.’’

सासूबाई तुटलेली दोरी बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. कीथ हळूच म्हणाला, ग्लव्ह अजूनही दुरुस्त करून पेटीत ठेवता येईल, भिंत तर तयार आहे.

‘‘दोरी आम्ही घालू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यांनीसुद्धा बदलली होती. तुमची पेटी राहू दे रिकामी. हिचं खेळून झालं की मग हिला विचारा.’’