उदगीरच्या दूधनळीचा निळा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे आणि बूट पुसायचाही नव्हे. दुधाच्या नळ्या आतून घासण्यासाठी मला मुद्दाम मापानं बनवून घेतलं होतं. आता माझी तार वाकली आहे आणि निळे केस चपटे झाले आहेत. पण माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य मला अजून आठवतं. ते होतं, "तुम्हाला पाठवलं कुणी?"

विचारणारे होते शेषेराव. लातूरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये ते ब्रश बनवत. तेव्हा मी म्हणजे न गंजणाऱ्या तारेचं एक भेंडोळं आणि निळ्या नायलॉनची एक जुडी, एवढाच होतो. दारात महामाया नावाची चाळिशीची बाई उभी होती. उदगीरहून सकाळच्या बसनं आली होती. तिच्या हातात जेवणाचा डबा होता आणि डब्यात भाकरीऐवजी कणकेचा वाळलेला गोळा होता.

"नळीच्या तोंडात दाबून माप आणलंय, मामा," ती म्हणाली. "एवढी नळी आतून घासायला ब्रश पायजे."

शेषेरावांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मापाचा ब्रश घ्यायला मालक येतो, फार तर सुपरवायझर येतो. एकटी बाई डब्यात कणीक घेऊन आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. कुणाच्या कारखान्यातलं माप गुपचूप उचलून आणलंय की काय, असं त्यांना वाटलं.

"मालकाची चिठ्ठी कुठाय?"

"चिठ्ठी न्हाई. मी इथं आले हे मालकाला ठाऊक बी न्हाई."

मग तिनं सगळं सांगितलं. आपण कुणासाठी जन्माला येत आहोत, हे मला तेव्हाच कळलं.

उदगीरजवळच्या एका दूध केंद्रात ती नऊ वर्षं नळ्या धुण्याचं काम करत होती. गावोगावचं दूध तिथं जमा होई, थंड होई आणि टँकरनं नांदेडला जाई. पण दीड महिन्यात तीन टँकर दूध नासलं म्हणून परत आले. केंद्राचे मालक शिवमूर्ती अप्पा यांनी आधी गवळ्यांवर संशय घेतला, मग ड्रायव्हरवर. शेवटी त्यांची नजर महामायावर येऊन थांबली.

सुपरवायझर संगमेश्वर चारचौघांत म्हणाला होता, "नळ्या धूतच न्हाई ती. दुधाच्या कामाला कुणाला ठेवावं, याचा इचार आधीच करायला पायजे होता." त्या 'कुणाला'मध्ये तिची जात दडली आहे, हे महामायाला कळलं. ऐकणाऱ्या सगळ्यांनाही कळलं. धुण्याच्या जागेवर कॅमेरा बसला. अप्पा म्हणाले, "सोमवारपर्यंत बघतो, न्हाईतर दुसरी बाई बघावी लागंल."

"मी रोज दोन टायमाला धुते, मामा," महामाया म्हणाली. "मग घाण राहते कुठं? मी ब्रशवरच संशय घेतला. धुऊन झाल्यावर काठीला पांढरं फडकं गुंडाळून आतून फिरवलं. पिवळं निघालं. दोन वर्सांमागं नळी बदलली, जुनीपेक्षा मोठी टाकली. ब्रश मात्र त्याच मापाचा येतोय. नळीत कसा फिरतो सांगू? आंगठी सैल झाल्यावानी. वरच्या बाजूला लागतच न्हाई, तिथं दोन वर्सं थर साचत गेला. सुपरवायझर सायबांना सांगितलं तर म्हणाले, ब्रश म्हणजे ब्रश."

गोळा उचलून शेषेरावांनी उजेडात धरला आणि मान हलवली. "बाई, तुमच्या या गोळ्यावर माझा विश्वास न्हाई. कणीक वाळली की आकसते."

"ठाऊक हाय," ती म्हणाली आणि पिशवीतून बांबूची एक काडी काढली. "म्हणून ही बी आणली. नळीच्या तोंडात आडवी गच्च बसंल अशी कापलीय."

शेषेरावांच्या चेहऱ्यावरचा संशय तिथं संपला. त्यांनी व्हर्नियरनं काडी मोजली आणि प्रश्न सुरू केले. पाणी किती कढत असतं? सोडा घालता का? नळीला वळण आहे का? भिंतीवर पितळी केसांचे ब्रश टांगलेले होते. ते नळीला ओरखडे पाडतील, म्हणून नको. जनावरांच्या केसांचे कढत सोड्यात मऊ पडतील, म्हणून तेही नको. साधी तार गंजेल. माप काडीपेक्षा तीन मिलिमीटर जास्त, म्हणजे केस चारी बाजूंनी दाबून घासतील. आणि पुढच्या टोकाला केसांचा झुपका, म्हणजे तारेचं टोक नळीला लागणार नाही.

"केस निळे घालतो," ते म्हणाले. "एखादा तुटून दुधात पडला तर दिसला पायजे. पांढऱ्यावर कुणाला संशयच येत न्हाई."

मग यंत्रानं तार पिळली, केस तिच्यात घट्ट अडकले आणि मी तयार झालो. पिळताना फार दुखलं. पण शेषेरावांनी मला ओढून, वाकवून, पुन्हा मोजून पाहिलं, तेव्हा मी कुणाच्या तरी कामाचा आहे असं वाटलं.

सोमवारी सकाळी महामायानं मला लपवून वापरलं नाही. गवळी कॅन घेऊन उभे होते. त्यांच्या समोर तिनं जुना ब्रश आणि मला, दोघांनाही अप्पांपुढं ठेवलं.

"अप्पा, मी धुतलं तर लोक म्हणतील, कॅमेरा हाय म्हणून आज नीट धुतलं. तुमीच धुवा."

संगमेश्वर हसला. "मालकानं नळ्या धुवायच्या?"

अप्पा हसले नाहीत. संशयी माणूस होते, पण खोटे नव्हते. त्यांनी बाह्या वर सारल्या. आधी जुना ब्रश घेतला आणि घाम येईपर्यंत घासलं. सोडा घातला, पाणी सोडलं. मग पांढरं फडकं आतून फिरवलं. ते पिवळं, चिकट निघालं. अप्पांनी नाकाजवळ नेलं आणि तोंड फिरवलं.

नंतर मला उचललं. मित्रांनो, खरं सांगतो, मी घाबरलो होतो. काडीचं माप चुकलं असेल तर? मी आत अडकलो तर? संशय घ्यायला मी तरी कुठं कमी होतो! आत काळोख होता. पण पहिल्याच हातासरशी माझे केस नळीला चारी बाजूंनी टेकले. वरच्या अंगाला खरबरीत थर लागला. अप्पा ढकलत होते, मी खरवडत होतो. पलीकडच्या तोंडातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर पिवळ्या खपल्या होत्या.

"नव्या ब्रशचाच रंग उतरला असंल," संगमेश्वर म्हणाला.

"ब्रश निळा हाय," एक गवळी म्हणाला.

तीन वेळा मला फिरवल्यावर अप्पांनी नवं फडकं आत घातलं. ते जसं गेलं तसंच पांढरं बाहेर आलं. दोन्ही फडकी त्यांनी शेजारी शेजारी धरून पाहिली. मग म्हणाले, "बरं. जा, कामाला लाग."

महामाया जागची हलली नाही. "चार माणसांत बोल लावला होता, अप्पा. आता चार माणसांतच मागं घ्या."

मला वाटलं, आता हिचं काम गेलं. संगमेश्वर खाली पाहू लागला. अप्पा गवळ्यांकडं वळले. "महामायाबाईनं नळी न धुता कधी ठेवली न्हाई," ते म्हणाले. "नळी मी बदलली. संगं ब्रश बदलायचं मला सुचलं न्हाई. चूक माझी हाय."

नऊ वर्षांत त्यांनी तिच्या नावाला पहिल्यांदाच 'बाई' जोडलं होतं.

त्या दिवशीचा टँकर नांदेडला रिकामा झाला, दूध परत आलं नाही. तरी सगळं एका दिवसात निवळलं नाही. संगमेश्वर कितीतरी दिवस महामायानं धुतलेले कॅन हुंगून पाहायचा. दिवाळीनंतर अप्पांनी कॅमेरा काढायला सांगितलं, तर तीच म्हणाली, "राहू द्या. मी धुते ते दिसू द्या त्याला."

पुढचं वर्ष माझं वैभवाचं होतं. कंधारहून एक केंद्रवाले मला पाहायला आले, निलंग्याहून दुसरे. दोघांनीही आपापल्या नळीचं आतलं माप शेषेरावांकडं नेलं. महामाया मला रोज धुऊन सावलीत टांगून ठेवी. एकदा ती गावी गेली असताना बदली माणसानं मला रात्रभर सोड्याच्या पाण्यात सोडलं. तेव्हापासून माझे केस एका बाजूला झुकले.

आणि मी झिजू लागलो. मला ते कळत होतं. कुणाला कळू नये अशी मनोमन इच्छाही होती. एका सकाळी महामायानं माझ्यामागून फडकं फिरवलं. कडेला अगदी फिकट पिवळी रेघ दिसली. मापासाठी नळीचा एक कापलेला तुकडा तिनं ठेवला होता, त्यात मला घातलं. मी न अडखळता खाली पडलो. मला राग आला. जिचं काम मी वाचवलं, तिनंच माझ्यावर संशय घ्यावा? पण तिनं मला उचललं, केसांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "लई केलंस बाबा. आता बस." दुसऱ्या दिवशी त्याच मापाचा नवा निळा ब्रश आला.

आता मी मागच्या नळाशी असतो. गवळी माझ्यानं कॅनची बुडं बाहेरून घासतात. माझा राग दोन दिवसांत गेला, कारण नळीत माझ्यामुळं राहिलेला थर कुणाच्या माथी आला असता, ते मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. काम बिघडलं तर माणसाकडं बोट दाखवण्याआधी आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना उजेडात धरा, मोजा, हवा तेवढा संशय घ्या. आम्हाला धुऊन, वाळवून ठेवा आणि झिजलो की वेळेवर बाजूला करा. चारचौघांत चोर ठरल्यावर कसं वाटतं, हे आम्हाला कधी कळणार नाही. ज्यांना कळतं, त्यांना जपा.