अँब्युलन्सच्या मापाचा बांबू

मी बांबू बोलतोय, पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीतून. गळ्यात सुतळीनं चिठ्ठी बांधलीय. अंगावर पांढरे-तांबडे पट्टे आहेत. एका टोकाला अजून एक तांबडा डाग आहे, तो मात्र रंगाचा नाही.

माझा जन्म राजूरकडच्या डोंगरातला. बेटात आम्ही भावंडं अंगाला अंग घासत उभी होतो. कोयत्याचा घाव बसला तेव्हा कळलं की मी वेगळा आहे. मग विस्तवावर धरून, वर पाय देऊन मला सरळ केलं, आणि टेम्पोत घालून पार जामखेडला आणून एका मंडपवाल्याला विकलं.

मंडपात उभं राहायला मला आवडायचं. पण वरातीत बाचाबाची झाली की पहिला मलाच उपसायचे. माणसाच्या हातात लांब काही आलं की त्याला आधी समोरच्याचं डोकं दिसतं. ही सवय मी तिथंच ओळखली.

भीमराज त्याच मंडपवाल्याकडं कामाला. माझं बूड कुजलं तेव्हा त्यांनी मला घरी नेलं आणि दाराशी टेकवून ठेवलं. मला घेऊन कुत्री हाकलली, एक नाग ठेचला. बाकी दिवसभर मी गल्ली बघायचो. कुणाची सून रुसली, कुणाकडं मटण शिजलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं मला ठाऊक. भोचक म्हणा हवं तर. लळा लागतो हो माणसांचा.

त्याच गल्लीत भीमराजांची बायको गेली. छातीत कळ आली. अँब्युलन्स आली, पण रस्त्यावरच थांबली, आत शिरेना. बाईला खुर्चीत बसवून उचललं, तर शेजारच्या गोरक्षनाथच्या घराच्या दगडी पायऱ्यांपाशी खुर्ची अडकली. पायऱ्या अर्ध्या गल्लीत आलेल्या. खुर्ची तिरकी करा, मागं घ्या, पुढं घ्या, एवढ्यात बाईनं मान टाकली. त्या दिवसापासून भीमराजांनी गोरक्षनाथच्या घरचं पाणी घेतलं नाही.

त्यांची लेक यशोधरा पुण्याला शिकायला गेली. समाजविकास आणि नगररचना, अशा लांबलचक नावाचं एम.ए. शेजारणी विचारायच्या, "म्हंजी पुढं काय व्हनार गं तू?"

ती म्हणायची, "गल्लीत अँब्युलन्स आणीन, मग बघू."

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तिनं आपलीच गल्ली घेतली. दवाखान्यात जाऊन अँब्युलन्सची रुंदी घेतली, या आरशापासून त्या आरशापर्यंत, आणि त्या मापावर मला करवतीनं कापलं. दुखलं. पण मोजण्यासाठी कुणी कापतंय, हे माझ्या जन्मात पहिल्यांदाच होत होतं. वर तिनं रंगवलं. मी तर नवरदेवच झालो.

तिची रीत साधी. मला आडवा धरायचा आणि गल्लीच्या शेवटापासून तोंडापर्यंत चालायचं. मी अडकेन तिथं गाडी अडकणार. पण अशी गोष्ट आमच्याकडं आधी घरात बसून, चहा पिऊन, थोरल्या माणसाच्या कानावर घालायची असते. यशोधरा घरोघरी जाऊन चहा प्याली. गोरक्षनाथच्या घरी तेवढी गेली नाही. बापाचं पाणी बंद, तिथं लेकीचा चहा कसा चालू व्हायचा?

रविवारी सकाळी निघालो. पहिला अडकलो तो भीमराजांच्याच मोरीच्या कट्ट्याला.

"घ्या! मोजनाराचंच घर आडवं!" गल्ली हसली. भीमराज आत गेले. पहार आणली आणि कट्टा तिथंच फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग गोरक्षनाथच्या पायऱ्या आल्या. खाट् करून अडकलो. मागून पुढच्या घरातली मोनिका ओरडली, "भाऊजी, तुमच्या पायऱ्या रस्त्याला भेटायला निघाल्यात का काय!"

पुन्हा हशा. गोरक्षनाथ बाहेर आला, कानापर्यंत लाल.

"कुनाला इचारून मोजती गं? समद्यांच्या घरी चहा प्याली, आन् माझ्या दारात काठी घिऊन आली?"

"माझी बायकू हितंच मेली, गोरख," भीमराज म्हणाले.

"तिची येळ भरली हुती. माझ्या पायऱ्यांनी न्हाई मारली."

भीमराजांनी त्याची गचांडी धरली. गोरक्षनाथनं भिंतीला टेकलेलं फावडं उचललं आणि दांडा त्यांच्या कपाळावर घातला. भुवई फाटली, डोळा रक्तानं भरला. कुणीतरी दगड भिरकावला, तिकडून दोन आले. बायका किंचाळत दारं लावायला लागल्या.

मी यशोधराच्या हातात आडवा होतो. एका क्षणात उभा झालो.

पहिल्या फटक्याला मी गोरक्षनाथच्या कानामागं बसलो. नारळ फुटल्यासारखा आवाज आला. तो वाकला, तरी दुसरा बसला. तेव्हा माझ्या अंगात उभी चीर गेली. तिसऱ्यासाठी तिनं मला उगारलं आणि तिची नजर माझ्यावरच्या पट्ट्यांवर गेली. हात सुटला. मी रक्तात पडलो.

अँब्युलन्स आली. गल्लीच्या तोंडाशी थांबली.

गोरक्षनाथला बाजेवर घातलं. चौघांनी उचललं, चार पावलं गेले आणि बाज त्याच्याच पायऱ्यांना अडकली. तिरकी करावी, तर तो घसरत होता.

त्याची म्हातारी आई, छबूबाई, छाती बडवत ओरडली, "आरं फोडा त्या पायऱ्या! बगता काय?"

कुणी हललं नाही. मग भीमराज पुढं झाले. एक डोळा मिटलेला, हातात मघाचीच पहार. घाव घालताना रडत होते, का शिव्या देत होते, मला कळलं नाही. दगड निखळले आणि बाज निघाली.

गोरक्षनाथ वाचला. एका कानानं ऐकू येत नाही. यशोधरावर केस झाली, प्रबंध कॉलेजनं थांबवून ठेवलाय. ती जामिनाच्या हजेरीला येते तेव्हा या खोलीच्या खिडकीतून मला दिसते. मान वर करत नाही.

परवा छबूबाई जबाबाला आली होती. वाल्मिक हवालदारांना म्हणाली, "पोरीनं मारलं, म्या बगितलं. माझ्या पोरानं आदी तिच्या बापाला मारलं, त्ये बी बगितलं. दोनी ल्हा."

बाहेर, माझ्या खिडकीखालच्या बाकावर यशोधरा होती. म्हातारी तिच्याशेजारी टेकली. पिशवीतून थर्मास काढला.

"माझ्या घरचा चहा लई कडू वाटला व्हय गं तुला?"

म्हातारीनं कप भरून पुढं केला.

"घे. दूध जरा जास्तीच झालंय."

यशोधरानं कप घेतला, तर निम्मा चहा ओढणीवर सांडला. उरलेला ती प्याली. मग हळूच विचारलं, "आजी, पायऱ्या परत बांधल्या?"

"गोरख निगाला हुता बांधायला. म्हनलं, बांध, मंग माझी तिरडी बी त्यावरनंच न्हे. बसला गप." छबूबाईनं कप पुसला. "पन पुढचं ऱ्हायलंय की. त्या मोनिकाचा जिना कोन मोजनार? लई हसत हुती."

आता तारखेला मला कोर्टात नेतील. हाच तो बांबू, म्हणून सगळ्यांसमोर उगारून दाखवतील. दाखवा. मी तोच आहे. पण निकाल काहीही लागो, मला चुलीत घालू नका. मी चिरलोय, लांबी मात्र तेवढीच आहे. जमलं तर मला परत त्या गल्लीत न्या. आणि बाबांनो, नेताना आडवा धरा.