दादाचा दगड

दगड दमत नाही, असं दादा म्हणायचा. माणूस दमतो, मशीन दमतं. दगड आपला आहे तसा. ताईला आता ते पटेना. नव्वद दिवस तिनं एक दगड आंबट पाण्यात ठेवला होता, आणि सोमवारी सकाळी पोलादी भांडं उघडलं तेव्हा तो तिच्या तळहातावर चहात भिजलेल्या बिस्किटासारखा सुटला.

प्रयोगशाळेत तिला सगळे ताईच म्हणत. तिच्याहून वीस वर्षांनी लहान असलेले साहेबसुद्धा. काम सांगायला सोपं होतं. धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि दोन किलोमीटर खोल, खाऱ्या पाण्यानं भरलेल्या वाळूच्या दगडात कायमचा कोंडायचा. पण वायू पाण्यात विरघळला की पाणी आंबट होतं, आणि त्या दगडाचे कण चुन्याच्या सांध्यांनी एकमेकांना धरून असतात. आंबट पाणी चुना खातं. किती खातं, आणि खाऊन झाल्यावर दगड उभा राहतो का, हे ताईनं सांगायचं. ती रिटायर व्हायला एकोणीस दिवस राहिले होते. हा तिचा शेवटचा दगड, आणि तो दादानंच वर काढलेला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. उभा जन्म ड्रिलिंगच्या मशीनवर गेला, आता दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून तिच्याकडेच राहायचा. रोज संध्याकाळी ती चपला काढायच्या आत विचारायचा, कसा आहे माझा दगड.

साहेबांनी ट्रेमधला भुगा पाहिला, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले की विषय संपला, दगड खचतो, ही जागा नको असं लिहून टाकू. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता की दुःख नव्हतं. एक फाइल मिटते एवढंच. ताईनं भुग्याचा ट्रे आपल्याकडे ओढून घेतला.

कारण शुक्रवार तिला आठवत होता. भांड्यातला दाब उतरवायला दोन दिवस लागतात. व्हॉल्व्ह केसभर फिरवायचा, थांबायचं, पुन्हा केसभर. दगडाच्या बारीक भोकांत वायू दबून बसलेला असतो. घाई केली तर तो फुगतो आणि दगडाला आतून फाडतो. हे तिनं कितीजणांना शिकवलं होतं. शुक्रवारी दुपारी ती एकटीच होती आणि शेजारणीचा फोन आला, दादा न्हाणीघरात पडलाय. त्या क्षणी व्हॉल्व्ह बंद करून भांडं होतं तसं दाबाखाली सोडून गेली असती तरी चाललं असतं. पण दाब उतरायला लागलेलं भांडं एकटं सोडायचं नाही, हा दुसरा नियम हातांना आधी आठवला. दोन दिवसांचा दाब वीस मिनिटांत उतरवून ती निघाली.

दुपारी तिनं कपाटातल्या बाटल्या काढल्या. दर आठवड्याला भांड्यातलं चमचाभर पाणी ती काढून ठेवायची, अशा बारा बाटल्या. पाण्यातलं कॅल्शियम पहिल्या तीन आठवड्यांत भराभर चढलं होतं, मग थांबलं ते थांबलंच. पाण्याचं पोट भरलं होतं. चुना खाता खाता त्याचा आंबटपणाही उतरला होता. भिंगाखाली तिनं भुगा पाहिला. सांधे कडेनं झिजलेले, पण जागेवर. तडे मात्र ताजे, धारदार. दगडानं सोसलं होतं, बहुतेक. मोडला होता तिनं.

घरी दादा मनगटाला प्लास्टर घालून खिडकीशी बसला होता. त्यानं विचारलं तसं तिनं सगळं सांगितलं. तो प्लास्टरची कड खरवडू लागला.

"कुणाकुणाला कळलंय?"

"मला."

"मग माझं नाव सांग. म्हातारा पडला म्हणावं, काय करणार."

"तू पडलास, दादा. व्हॉल्व्ह मी फिरवला."

दादानं प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग त्याची जुनी खोड, तिला हसवायला जुळवलेल्या ओळी पुटपुटला: बहीण माझी वेडी गं, दगडाला न्हाऊ घाली, दगड आला कोरडा, ही भिजून चिंब झाली. ती हसली नाही. पुन्हा केलं तर अजून नव्वद दिवस, असं बोटांवर मोजत म्हणाली. रिटायर झाल्यावर तिला जग पाहायचं नव्हतं, काही नवं शिकायचं नव्हतं. सकाळी आठपर्यंत झोपायचं होतं, बस. गजराचं घड्याळ कपाटात कोंबण्याचा दिवससुद्धा ठरला होता.

मंगळवारी तिनं बाटल्यांचे आकडे साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि शुक्रवारचं सांगितलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. हे न सांगता तुम्ही रिटायर झाला असतात तर मला कधीच कळलं नसतं, असं ते म्हणाले, आणि ती तक्रार होती की कौतुक, हे त्यांनाही ठाऊक नसावं. मग त्यांनी तिच्या नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज पुढे ओढला.

"कारण काय लिहू, ताई?"

"लिहा, हाताची घाई."

त्यांनी लिहिलं.

दादानं तितक्या खोलातून काढलेल्या दगडाचा एकच तुकडा फडताळात उरला होता. त्यावर दादाच्या हातचा पेन्सिलीचा बाण, वरची बाजू दाखवणारा, आणि शेजारी खोलीचा आकडा, सातला आडवी रेघ देऊन. नमुना कापताना पातं बाणाच्या मधूनच जाणार होतं. ताईनं तुकडा फिरवून पाहिला, तिरका धरून पाहिला. दुसरीकडून कापण्याजोगी जागाच नव्हती. अर्धा बाण मागे राहिला, अर्धा भांड्यात गेला. तिनं खारं पाणी भरलं, वायू सोडला, दाबाचा काटा हळूहळू चढताना पाहत उभी राहिली. पाय भरून आले होते. काटा ठरल्या जागी आला तेव्हा तिनं वहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं, दिवस पहिला.

घरी पोचली तर दादानं काही विचारलं नाही. तिच्या उशाशी गजराचं घड्याळ होतं. प्लास्टरमधल्या हाताशी झटापट करून त्यानं किल्ली दिली असावी. काच बोटांच्या ठशांनी माखली होती. गजर सहाचा लावलेला.