कोपऱ्याला कोपरा

चादर दोघींच्या मध्ये ताणलेली होती आणि चादरीपेक्षा अधिक ताणलेली होती ती शांतता. इस्पितळाच्या धुलाईघरात मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. आज चिमणी जवळ आली की तिथली मुकादमीण नजर वळवून घेत होती.

"ताई, बोला की काहीतरी," शेवटी चिमणीच म्हणाली. चणीने एवढीशी, म्हणून सगळ्यांची चिमणी. "उद्या सुनावणी आहे. तुम्ही एवढंच सांगा, हिला मी पहिल्या दिवसापासून ओळखते. कागदवाल्या माणसाचा शब्द मानतात म्हणे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग मला न् पोराला सरहद्दीपलीकडे नेऊन सोडतील. त्याला तिकडचं काय ठाऊक? उराशी बांधून आणला तेव्हा तान्हा होता."

इस्त्रीपाशी वाद पेटलाच होता. "कायदा काय फक्त आपल्यालाच?" एकीने फणकारून विचारलं. "अगं, इतकी वर्षं लोकांच्या रक्ताचे डाग धुतले तिनं, तेव्हा कुणी मागितले कागद?" दुसरी म्हणाली. मग दोघीही मुकादमिणीकडे बघू लागल्या.

मुकादमीणही सरहद्दीपलीकडूनच, पण कायद्याच्या दाराने आली होती. त्या दाराने लेकरू सोबत आणता येत नव्हतं. चार वर्षांची लेक आजीच्या कडेवर ठेवून ती निघाली आणि लेकीचे कागद होईतो वर्षं गेली आणि उंबऱ्यात एक उंच, अनोळखी मुलगी येऊन उभी राहिली. 'तुम्ही' म्हणाली. आजही 'तुम्ही'च म्हणते. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या चिमणीला मात्र 'अगं मावशी'! चिमणीचा पोरगा तर मिसरूड फुटली तरी आईच्या मांडीवर लोळतो. हिने कायदा मोडला आणि मुलाचं अवघं बालपण पदरात पाडून घेतलं. मी पाळला, आणि माझ्या वाट्याला आली एक सभ्य पाहुणी.

"बघते," एवढंच म्हणून तिने घडी ढिगावर टाकली.

संध्याकाळी गच्चीत ती वाळलेली चादर काढत होती. लेक वर आली, तिने न सांगताच दुसरं टोक धरलं. तिचे डोळे सुजले होते.

"मावशी सामान बांधतेय. तुम्ही जाणार ना उद्या?"

"तिच्यासाठी एवढी रडलीस. मी निघाले त्या दिवशी रडली होतीस?"

"आठवत नाही. लहान होते मी."

चादर झटकली गेली. दोघी एकमेकींकडे चालत आल्या. कोपऱ्याला कोपरा लागला, बोटांना बोटं लागली. लेकीचे हात चिमणीच्या घरच्या साबणाने दरवळत होते. मुकादमिणीने ती बोटं घट्ट धरून ठेवली आणि जे आयुष्यभर ओठांआड दाबलं होतं, ते भलत्याच वेळी, भलत्याच मोलाने बाहेर पडलं.

"उद्या बोलले मी तिच्यासाठी, तर... मला 'तू' म्हणशील?"

लेकीने आपली बोटं हलकेच सोडवली, चादरीचे चारही कोपरे आईच्या हातात नीट ठेवले आणि जिन्याने खाली, चिमणीच्या दाराकडे, निघून गेली.