पटाची डावी बाजू

“कप्तान, तो उंट चार चाली तिथेच उभा होता. दिसला नाही?” डाव संपल्या संपल्या गणिताच्या सरांनी संघाच्या ग्रुपवर लिहिलं.

“नाही दिसला बुवा. म्हातारा झालो,” कप्तानाचं उत्तर आलं.

सर आणि संघातला चौथा गडी हसले. मुंगीला हसू आलं नाही. रविवारची दुपार तिने तो डाव बघण्यात घालवली होती. त्या एका चालीवर कप्तानाने अकरा मिनिटं विचार केला होता. गडबडीत चुकणं वेगळं. अकरा मिनिटं बघून समोरचा उंट न दिसणं तिला चमत्कारिक वाटलं.

ऑनलाइन लीगमधला त्यांचा संघ चौघांचा. आठवड्याला प्रत्येकाचा एक डाव, तोही निवांत. दोन-अडीच तास सहज चालायचा. सात वर्षं एकत्र खेळूनही कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. कप्तान दूरच्या एका शहरात शाळेची बस चालवायचा. मुंगी हे नाव त्यानेच ठेवलेलं. “ही बाई हळूहळू सरकते, पण मेरुपर्वत गिळते,” असं तो नव्या प्रतिस्पर्ध्यांना बजावायचा.

मुंगी डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ होती. बावीस वर्षं एकच काम. पेशंटची हनुवटी यंत्रावर टेकवायची आणि सांगायचं, “मधल्या ठिपक्याकडे बघा. आजूबाजूला दिवा चमकला की बटण दाबा.” जिथले दिवे दिसत नाहीत, तिथे कागदावर काळं उमटतं.

सोमवारी एक आजी आल्या. “मला लख्ख दिसतं गं. सून उगाच घेऊन आली. दाराला खांदा आपटतो, एवढंच.”

कागद बाहेर आला. दोन्ही डोळ्यांचा डावा अर्धा भाग काळाकुट्ट.

मुंगीने तो कागद फाइलला लावला आणि तशीच उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिने कप्तानाचे हरलेले तीन डाव मोबाइलवर काढले. पांढरी मोहरी घेऊन खेळताना त्याची वजिराकडची बाजू पडली होती. काळी घेतली, तेव्हा राजाकडची. पट उलटा झाला की बाजूही उलटतात. म्हणजे तिन्ही वेळा त्याच्या स्क्रीनची डावीच बाजू.

तिने फोन लावला.

“बोल मुंगे! आज दुपारची कशी काय आठवण?” कप्तान डेपोत बाकावर बसला होता. मागे कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं.

“कप्तान, समोर भिंतीवर घड्याळ आहे?”

“आहे की. दोन वाजून दहा मिनिटं.”

“काट्यांच्या मधल्या खिळ्याकडे बघा. नजर हलवायची नाही. आता आकडे कुठले दिसतात ते सांगा.”

“हे काय नवीन? बारा. एक, दोन, तीन... सहा.”

“पुढे?”

हातोड्याचे चार-पाच ठोके ऐकू आले.

“पुढे काही नाही,” तो म्हणाला. आवाज बदलला होता. “अर्धंच आहे गं घड्याळ.”

“डोकं दुखलं होतं का मध्ये कधी?”

“महिन्याभरापूर्वी. दोन दिवस. गोळी घेतली, राहिलं.” मग हळूच, “गाडीचा डावा आरसा दोनदा तुटला या महिन्यात. मला वाटलं, खांबच पुढे आलाय.”

“आज बस काढू नका.”

“पावणेतीनला शाळा सुटते. एक्केचाळीस पोरं आहेत. कोण नेणार?”

“कुणीही नेऊ दे. कप्तान, डावीकडून पोर रस्त्यावर आलं तर तुम्हाला दिसणार नाही.”

“एकवीस वर्षांत साधं खरचटलं नाही कुणाला माझ्या हातून!” तो ओरडला. “निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी. तू कोण मला शिकवणार?”

फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते. मुंगीने डेपोचा नंबर शोधला. हे केलं की तो आपल्याशी जन्मात बोलणार नाही, हे तिला कळत होतं. दोन पंचवीसला सुपरवायझरने फोन उचलला.

“आपण त्यांच्या कोण? नातेवाईक?”

“आम्ही बुद्धिबळ खेळतो.”

“काय?”

तिने सगळं सांगितलं. तो मध्ये एकदाच म्हणाला, “आरसे तुटले, ते खरं आहे.” मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लांबून इंजिनाची घरघर येत होती. मुंगी फोन कानाला लावून भिंतीला टेकली. मग घरघर थांबली.

“गाडी चालू करून बसला होता,” सुपरवायझर परत येऊन म्हणाला. “दार उघडं, पण जागचा हलला नव्हता. मी काही बोलायच्या आत चावी काढून दिली त्याने.”

मेंदूच्या मागच्या भागात गुठळी निघाली. दुसरी केव्हाही झाली असती, असं डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर परत येणार नव्हती. बसचा परवाना गेला. हे सगळं संघाला त्याच्या मुलीकडून कळलं. त्याने स्वतः महिनाभर एक अक्षर लिहिलं नाही. मुंगीने दोनदा “कसे आहात?” लिहून पुसून टाकलं.

पाचव्या आठवड्यात ग्रुपवर एक ओळ आली. “कप्तानपद मुंगीकडे. मी शेवटच्या, चौथ्या पटावर खेळेन.” तिच्यासाठी वेगळं काहीच नव्हतं.

रविवारी चार वाजता त्याचा डाव सुरू झाला. मुंगी बघत बसली. दर चालीला तो पाच-सहा मिनिटं घेत होता. मान वळवत, एकेक घर शोधत तो पट वाचत असणार. एकही मोहरं फुकट गेलं नाही. दोन तासांनी त्याच्याकडे एक हत्ती जास्त होता आणि त्याच्या वाट्याच्या वेळेतले सात सेकंद उरले होते. मग तेही संपले.

“वेळ संपला म्हणून हरलो,” त्याने ग्रुपवर लिहिलं. “पुढच्या रविवारी कुणाशी आहे?”