बघून सांगा

“आधी जुना पार्ट दाखवा,” असं म्हणून तिने उघडलेली पर्स पुन्हा मिटली.

मिस्त्री हात पुसत होता, तो पुसतच राहिला. गाडी दारात धुऊन उभी होती. बिल फक्त क्लचच्या केबलचं होतं आणि तेही वाजवी होतं. अशा वेळी माणसं पैसे देऊन मोकळी होतात. पण ही पडली बाबांची लेक. बाबा म्हणजे निवृत्त हिशेबतपासनीस. गावातल्या झाडून सगळ्या गॅरेजांत त्यांना पाठीमागे ‘जुना पार्ट’ याच नावाने ओळखत. नवा पार्ट बसवला की जुना हातात घेऊन पाहायचा, भाव दोन ठिकाणी विचारायचा आणि मिस्त्रीला ‘बघून घ्या’ असं मेलं तरी म्हणायचं नाही. ‘बघून सांगा’ म्हणायचं. “‘घ्या’ म्हटलं की तो घेतो,” बाबा सांगत, “आणि आपण नुसते बघत बसतो.” लेकीला हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

आज मात्र ती एकटी आली होती. दूरच्या शहरात तिला नोकरी लागली होती. परवा ही जुनी गाडी घेऊन ती एकटीच निघणार होती, आणि ते ठरल्यापासून बाबांनी तिच्याशी बोलणं जवळपास टाकलं होतं. “जायचं तर जा, मला कशाला विचारतेस?” एवढंच काय ते. गॅरेजला चला म्हटलं, तर त्यांनी पेपरातून मानही वर केली नाही. नोकरी सोडायची तिची तयारी नव्हती. पण बाबा असे घुम्यासारखे बसलेले असताना घरातून निघायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“केबल ना? असेल पडली कुठेतरी,” मिस्त्री म्हणाला.

“शोधा. मी थांबते.”

मिस्त्री आत गेला आणि एक पोतं ओढत घेऊन आला. जरा घुटमळला, मग त्याने ते उलटं केलं. केबलच्या मागोमाग क्लचची प्लेट, इंजिनचा पट्टा, ब्रेकचे पॅड आणि पाण्याचे दोन पाइप फरशीवर पडले.

“हे कुणाचं?”

“तुमच्याच गाडीचं.”

तिचा पारा चढला. खाली बसून तिने पट्टा दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. कुठे चीर नव्हती. पॅड निम्मेसुद्धा झिजले नव्हते.

“यातलं काय खराब होतं, सांगा ना! मी केबल म्हणाले होते, फक्त केबल. बाई एकटी आली म्हणून टोपी घालताय?”

“टोपी घालायची असती तर बिलात लावलं नसतं का, ताई?”

ते खरं होतं, आणि म्हणूनच तिचा संशय वाढला. फुकट काम करणारा मिस्त्री अजून जन्माला यायचा होता.

“मग याचे पैसे कोण देणार?”

मिस्त्रीने मान खाजवली.

“दिले साहेबांनी. काल तुम्ही गाडी टाकून गेलात, मागोमाग ते आले. वाटेत घाट आहे म्हणाले. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून दोनदा बजावलं. पण जुना पार्ट मागितला की दाखवायचा, ही सवयही त्यांनीच लावलीय. आता मी त्यांचं कुठलं ऐकू?”

“हे सगळं बदलायला हवं, असं तुम्ही सांगितलंत त्यांना?”

“नाही हो! वर्षभर सहज ओढेल म्हटलं. भाव सांगायला लागलो, तर हात वर केला. म्हणाले, बघून घ्या.”

“बघून सांगा म्हणाले असतील.”

“घ्या म्हणाले, ताई. मलाही वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं तर चिडले.”

तिने पट्टा पोत्यात टाकला, मग पॅड, मग पाइप. तिला रडू आलं आणि मिस्त्रीसमोर ते तिने आवरलंही नाही. तो बिचारा उगाचच गाडीची काच पुसू लागला.

“केबल तेवढी द्या,” ती म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा बाबा अंगणात कुंडीतलं गवत उपटत होते. त्यांनी केबल हातात घेतली, तुटलेलं टोक चाचपलं.

“किती घेतले?”

तिने आकडा सांगितला.

“जास्त घेतले.”

“हो बाबा. फसले मी.”

“फसणारच. दोन ठिकाणी विचारलंस?”

“नाही.”

कुंडीत गवत उरलं नव्हतं, तरी बाबांचा हात तिथेच चालू होता.

“तिथले मिस्त्री तर सगळे अनोळखी. गाडीला काहीही झालं, की आधी मला फोन करायचा. मग गॅरेज.”

“रोज काही होत नाही बाबा गाडीला.”

“होतं,” बाबा म्हणाले. “जुनी गाडी आहे. रोज काहीतरी होतं.”