मनकर्णाचं गप बसणं

खोटं मीच बोलले, दुसऱ्या कुणाचं नाव कशाला घेऊ? अंगणवाडीची बाई मी. खोटं बोलू नये म्हणून लेकरांना रोज सांगणारी.

अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात आमच्या गावात हगवण-उलटीची साथ आली. ताडकळसचा दवाखाना तसा जवळ, पण मधला ओढा भरला की तिथली जीप येत न्हाई. सतरा दिवसांत नऊ माणसं गेली. त्यात मनकर्णाची माय गीताबाई, उणीपुरी अठ्ठावीस वर्षांची. आमच्याकडं मयत उचलायच्या आधी लेकरं शेजारी नेऊन बसवतात. सहा वर्षांची मनकर्णा माझ्याकडं आली. पोरगी अशी बोंबलायली की काही केल्या थांबंना. मी म्हणलं, "गप बस बघू. माय चुडाव्याला माहेरी गेलीय तुझी. तू गप राहिलीस तर येईल." पोरगी गप झाली. मला वाटलं, चला, सुटले.

ती जी गप झाली ती गपच. दिवाळी झाली तरी तोंडातून शब्द न्हाई. दोन घास खाल्ले तर खाल्ले. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी पोरगी झाली.

तिची आजी कडूबाई, गीताबाईची सासू, म्हणजे लय तिखट बाई. "बाहेरचं लागलंय हिला," म्हणाली. "अमावस्येला भगताकडं नेते. पोटावर डाग देतो त्यो, मंग बोलतात लेकरं." अहो, तापलेल्या विळ्याचा डाग, एवढ्याशा जिवाला! माझं डोकंच फिरलं. पण भांडले ते नुसतं भगतावरून. माझं खोटं माझ्या ध्यानात सुद्धा नव्हतं.

त्याच सुमाराला परभणीहून एक डॉक्टरीणबाई ताडकळसला यायला लागल्या, मनाच्या दुखण्याच्या. साथीत ज्यांची माणसं गेली त्या लेकरांसाठी बाजाराच्या दिवशी शाळेच्या खोलीत बसायच्या. पहिल्या दोन बाजारांना एक लेकरू आलं न्हाई. "आमची लेकरं काय येडी हायत का?" हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. मग त्यांनी गावोगावच्या आमा अंगणवाडीच्या बायांनाच बोलावलं. म्हणाल्या, "मी एकटी किती गावं फिरणार? लेकरं तुमच्या मांडीवर बसतात, माझ्या नाही. तुम्हीच शिका."

चार दिवस शिकवलं. लेकराला चित्रं काढू द्या, खेळू द्या, रडायचं असेल तर रडू द्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माणूस गेलं तेव्हा लेकराला काय सांगितलं होतं?" एकेक बाई सांगायली. कुणी म्हणे देवाघरी, कुणी म्हणे नांदेडच्या दवाखान्यात, एकीनं तर पंढरपूरला धाडलेलं. आमी हसायलो होतो, खोटं कशाला सांगू. माझी पाळी आली. "मी म्हणलं, तू गप राहिलीस तर..." आन् तिथंच माझ्या ध्यानात आलं. पोरीला काही लागलं-बिगलं नव्हतं. ती माझं ऐकायली होती.

डॉक्टरीणबाई रागावल्या न्हाईत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तुम्ही बोललात, आता तुम्हीच सांगा तिला," म्हणाल्या. "आणि तिचा राग अंगावर घ्या."

अमावस्या दोन दिवसांवर होती. सकाळीच मी कडूबाईच्या ओसरीवर गेले. ती ज्वारी पाखडायली होती. मी सगळं सांगितलं, आन् म्हणलं, आता पोरीला खरं सांगायला आले.

"धसक्यानं मरंल ना लेकरू!" ती कडाडली. "तुझ्या पोटचं न्हाई म्हणून सुचायलंय तुला."

"आत्ता काय जगायलंय ते?" मी बी चढले. "विळा तापवायला धजता, मावशी, आन् खरं सांगायला धजत न्हाई!" बोलून गेले आन् मलाच लाज वाटली. मी तिचे पाय धरले. "चूक माझी हाय. बोलली न्हाई तर न्या अमावस्येला. मी आडवी येणार न्हाई."

म्हातारीनं पाय सोडवून घेतले आन् परत सूप हातात घेतलं.

मनकर्णा खांबाला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर बसले. "मनू, माय चुडाव्याला गेली न्हाई. ती हगवणीनं मेली. आता ती कधीच येणार न्हाई. तुझ्या बोलण्यानं न्हाई मेली, आन् तू गप बसून येणार बी न्हाई. मी तुझ्याशी खोटं बोलले."

तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं. मग दोन्ही मुठींनी मारायला लागली, तोंडावर, छातीवर, दिसंल तिथं. कडूबाई धावली. मी हात आडवा केला, म्हणलं, मारू द्या. पोरगी दमेस्तोवर मारत राहिली. मग घोगऱ्या, बसलेल्या आवाजात बोलली.

"मंग मी गप कशाला बसले?"

"चुकलं गं माय माझं," एवढंच म्हणत मी रडायले. तिकडं कडूबाई मटकन खाली बसली. सून गेल्यापासून त्या बाईनं लेकरापुढं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. आता तिनं मोठ्यानं सुनेच्या नावानं गळा काढला. मनकर्णा माझ्यापासून सुटली, आजीच्या कुशीत शिरली, आन् ती बी मायच्या नावानं ओरडायली. शेजारच्या बाया धावत आल्या, "गप, गप" म्हणत. मी उठले आन् ओसरीच्या पायरीवर उभी राहिले. एकीलाही वर येऊ दिलं न्हाई.